नवं तंत्रज्ञान कारखान्यात आणताना: सहीआधी काय काय तपासायचं

सोमवारची सकाळ, साडेआठ. नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या युनिटच्या गेटवर माल भरलेला टेम्पो उभा. स्टोअरच्या ताई घाईघाईने वर आल्या, "मॅडम, सिस्टीम उघडत नाहीये. गाडीवाला थांबलाय, चलनच निघत नाही." स्क्रीनवर एकच ओळ होती, खातं स्थगित केलं आहे. तीन वर्षं वापरत असलेल्या क्लाउड ईआरपीचं (स्टॉक आणि बिलं सांभाळणारं, इंटरनेटवरून चालणारं सॉफ्टवेअर) नूतनीकरण आलं होतं, दर जवळजवळ दुप्पट सांगितला होता आणि आमची बोलणी सुरू होती. शेवटच्या सूचनेचे मेल आमचे जुने अकाउंटंट काम सोडून गेले त्यांच्या पत्त्यावर जात होते. मागचा इन्व्हॉइस नंबर कितीवर थांबला, हेसुद्धा कागदावर कुठे नव्हतं. शनिवारच्या गाडीबरोबर गेलेल्या बिलाचा फोटो ट्रान्सपोर्टरकडून मागवला, त्यावरून नंबर शोधला आणि हाताने बिल बनवून माल पाठवला.

नंतर करार काढून वाचला. सगळं त्यात होतं. पैसे थकले की सात दिवसांत खातं बंद, दर वाढवण्याचा अधिकार कंपनीचा, डेटा "उपलब्ध स्वरूपात" मिळेल. ते उपलब्ध स्वरूप म्हणजे साडेचार हजार पानांची पीडीएफ. त्यातून आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची मूळ यादी, परत उभा करायला दोन मुलं सहा आठवडे बसली.

तेव्हापासून मी कुठलाही करार शेवटच्या पानाकडून वाचते. यातून बाहेर कसं पडायचं, ते आत शिरण्याआधी ठरवायचं. अंबड, सातपूर, सिन्नरची छोटी युनिटं असोत की निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार, ज्यांच्याकडे वेगळा लीगल विभाग नाही त्यांच्यासाठी मी माझी पद्धत इथे मांडते आहे. वकील आणि सीए लागतीलच. पण त्यांना नेमकं काय विचारायचं हे आपल्याला माहीत असलं की कामही नीट होतं आणि फीही वाया जात नाही.

पायरी १: आधी दुखणं लिहा, मग औषध शोधा

प्रदर्शनात डेमो बघून भारावून जायला होतं. म्हणून कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: आज नेमकं कुठे नुकसान होतंय, ते महिन्याला किती रुपयांचं आहे आणि सहा महिन्यांनी कोणता आकडा बदललेला दिसला तर ही खरेदी बरोबर ठरली असं म्हणता येईल. रिजेक्शन (तपासणीत नापास होणारे पार्ट) असेल तर मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन पार्टनुसार काढा. हा जुना आकडा हातात नसेल तर पुढे "सुधारणा झाली की नाही" यावर वाद होतो आणि त्या वादात विकणाऱ्याचंच म्हणणं वर राहतं.

मग ट्रायल. एक लाइन, एक शिफ्ट, आणि तीही आपल्या शेडमध्ये. आम्ही पार्टवरची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) तपासायला कॅमेरा घेतला, तेव्हा त्यांच्या कार्यालयात निकाल अचूक होते. आमच्याकडे मात्र दुपारी तीननंतर चांगले पार्टही रिजेक्ट व्हायला लागले. दोन दिवस कुणाला काही कळेना. शेवटी ऑपरेटरनेच वर बोट दाखवलं. छताच्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या शीटमधून उतरतं ऊन थेट कन्व्हेयरवर येत होतं आणि पार्टवरच्या तेलाच्या थरावर चमकत होतं. कॅमेऱ्यावर आडोसा केला, प्रश्न सुटला. पण ही गोष्ट पूर्ण पैसे दिल्यावर कळली असती तर आडोशाचंही वेगळं बिल आलं असतं.

कोटेशनच्या बाहेरचा खर्चही याच वेळी मांडून घ्या: यूपीएस, दुसरं इंटरनेट कनेक्शन, माणसांचं ट्रेनिंग, दुसऱ्या वर्षापासूनची एएमसी (वार्षिक देखभाल करार), कॅलिब्रेशन (यंत्राचं मोजमाप तपासून जुळवणं). माझ्या अनुभवात हा खर्च मूळ किमतीच्या बाजूला ठेवला की निम्मे प्रस्ताव तिथेच गळतात.

पायरी २: कोणाची माहिती, कुठे जाते

कोणतीही नवी प्रणाली माहितीवर चालते. ती माहिती तीन प्रकारची असते आणि तिन्हींना वेगळे नियम आहेत.

पहिली माणसांची. चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र आता पंचवीस माणसांच्या युनिटमध्येही दिसतं. आयटी कायदा, २००० चं कलम ४३ए आणि त्याखालचे २०११ चे नियम बायोमेट्रिक माहितीला संवेदनशील मानतात आणि ती घेण्याआधी लेखी संमती मागतात. "आम्ही काही कंपनी नाही" असं म्हणून सुटका नाही, कारण त्या कलमात भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाचा धंदाही येतो. त्यापुढे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि धंद्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नोकरीशी निगडित काही कामांसाठी नवा कायदा संमतीशिवायही माहिती वापरू देतो, तरी मी संमती घेतेच. एक पानी मराठी पत्र असतं: काय घेतोय, कशासाठी, कुठे साठवतोय, काम सोडल्यावर किती दिवसांत पुसणार. ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याच्यासाठी कार्ड ठेवलं आहे. हे पत्र वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि माणसाला आपल्याला विचारलं गेलं याचं समाधान असतं.

दुसरी ग्राहकाची. नाशिकमध्ये सध्या सगळ्यात जास्त धोका मला इथेच दिसतो. आपण मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. ड्रॉइंग देताना त्यांनी आपल्याकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतलेली असते. फाइल कपाटात जाते आणि विसरली जाते. मग एखादा हुशार इंजिनियर प्रोसेस शीट (पार्ट कसा बनवायचा याचा कागद) पटकन व्हावी म्हणून तेच ड्रॉइंग फुकटच्या एआय चॅटमध्ये टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर गेलं आणि करार मोडला. भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे हे कराराच्याच बळावर चालतं आणि मोठी कंपनी तो करार वापरायला मागेपुढे पाहत नाही. आम्ही नोटीस बोर्डावर साधा नियम लावला आहे: ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, किंमत यांपैकी काहीही एआयमध्ये टाकायचं नाही. आणि नुसतं "नाही" सांगून भागत नाही. कामासाठी कंपनीच्या नावाने पैसे भरलेलं एक खातं घेतलं, त्यात आपली माहिती प्रशिक्षणासाठी वापरली जाणार नाही अशी अट आहे, ती अटींमध्ये स्वतः वाचून घेतली. ग्राहकाच्या करारात तेही मना असेल तर तिथे तेही वापरत नाही.

तिसरी आपली स्वतःची, म्हणजे यंत्राचा सायकल टाइम (एक पार्ट बनायला लागणारा वेळ), विजेचा वापर, बागेतला ओलावा. ही "व्यक्तीची" माहिती नाही, म्हणून डेटा संरक्षणाचा कायदा तिला हात लावत नाही. करारात लिहिलं तरच ती तुमची. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. २००३ मध्ये युरोपात कीडनाशकाच्या अवशेषांवरून आपला माल अडला, त्यानंतर अपेडाच्या (केंद्राची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंदणी सुरू झाली आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता यायला लागला. प्लॉटची नोंद म्हणजे बाजारात शिरण्याचा परवाना, हे तेव्हापासून आपल्याला माहीत आहे. आता बागेत सेन्सर लावणारी कंपनी पाच वर्षांच्या फवारणीच्या, पाण्याच्या आणि उत्पादनाच्या नोंदी स्वतःकडे ठेवते. त्या नोंदी कोणाच्या, तिसऱ्याला विकता येतील का, सेन्सर काढला तर परत मिळतील का, हे सहीआधी लिहून घ्या.

पायरी ३: करार उलटा वाचा

सर्वांत आधी समाप्तीचं कलम. तीन वाक्यं मी आता मागूनच घेते. डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (कुठेही उघडणारी साधी तक्त्याची फाइल), सर्व तक्त्यांसह मिळेल. करार संपल्यावर साठ दिवस खातं निदान बघण्यापुरतं चालू राहील. बिलाचा वाद चालू असताना खातं बंद होणार नाही. विक्रेता म्हणतो, "आमचा करार ठरलेला असतो, बदलत नाही." बदलतो. छापील करार तसाच ठेवून एक पानाचं परिशिष्ट जोडायचं आणि त्यात "विसंगती आल्यास हे परिशिष्ट लागू" असं लिहायचं. विक्रीचा माणूस महिनाअखेरीला ते मान्य करून आणतो.

मग दरवाढ. वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के, हे आकड्यात. नूतनीकरण आपोआप होत असेल तर आधी किती दिवसांची सूचना आणि कोणत्या पत्त्यावर. पत्ता माणसाचा नको, कंपनीचा सामायिक द्या. आमची सोमवारची सकाळ त्या एका पत्त्यामुळे तशी गेली.

मग जबाबदारीची मर्यादा. बहुतेक करारांत लिहिलेलं असतं की काहीही झालं तरी विक्रेत्याची भरपाई मागच्या बारा महिन्यांच्या फीपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा पूर्ण काढून टाकायला कोणी तयार होत नाही, पण तीन अपवाद मागता येतात: गोपनीयता मोडणं, डेटा फुटणं, आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचं चोरलेलं निघालं तर आपल्यावर येणारा दावा.

न्यायक्षेत्राचं कलम लोक वाचतही नाहीत. करारात बंगळुरूची न्यायालयं लिहिली असतील तर तुम्हाला बंगळुरूलाच जावं लागेल. "केवळ" हा शब्द नसला तरी तसाच अर्थ निघतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेस प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नाशिक मागा. नाही मिळालं तर लवाद तरी नाशिकात बसेल असं लिहून घ्या. दोन लाखांच्या वादासाठी विमानाची तिकिटं काढून कोणी लढत नाही, आणि समोरच्यालाही ते पक्कं माहीत असतं.

आणि कॉलेज रोडच्या एखाद्या मुलाकडून आपल्यापुरतं सॉफ्टवेअर करून घेत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. पगारावरच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट मालकाचा असतो. बाहेरच्या माणसाने पैसे घेऊन लिहिलेल्या कोडचा मात्र त्याचाच राहतो, तुम्ही पूर्ण रक्कम दिलेली असली तरी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे तो तुमच्याकडे येण्यासाठी सहीचं लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो रद्दही होतो. म्हणून "कायमस्वरूपी, जगभरासाठी, एक वर्षाची अट लागू नाही" हे शब्द हवेतच. सोर्स कोड, सर्व्हरचे पासवर्ड आणि डोमेन पहिल्या दिवसापासून कंपनीच्या नावावर. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तर त्याच्या शुभेच्छांवर आपला डिस्पॅच चालू नये.

शेवटी स्टॅम्प. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प चालत नाही, किमान पाचशेचा लागतो. कमी स्टॅम्पचा कागद न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही, आधी उरलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो. ऑनलाइन "मान्य आहे"वर केलेलं क्लिकही करारच आहे. त्या दिवशीच्या अटींची प्रत डाउनलोड करून ठेवा, कारण वेबसाइटवरच्या अटी बदलत राहतात.

पायरी ४: परवाना लागतो का

सॉफ्टवेअरला सहसा लागत नाही, उडणाऱ्या वस्तूंना लागतो, आणि बघणाऱ्या वस्तूंना चाचणी लागते. फवारणीचा ड्रोन घेत असाल तर ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे नोंदणी क्रमांक, प्रशिक्षित पायलटचं प्रमाणपत्र आणि तिसऱ्या पक्षाचा विमा हवा. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघणं नाशिकमध्ये फार महत्त्वाचं आहे. ओझरला विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना आहे, देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे, आणि बागा त्यांच्या आसपासच आहेत. पूर्ण तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे "बाहेरून स्वस्तात आणून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा. ड्रोन भाड्याने बोलावत असाल तर ही सगळी कागदपत्रं भाड्याने देणाऱ्याकडून मागा आणि औषध शेजारच्या बागेवर उडालं तर भरपाई कोणाची, हे पावतीवर लिहून घ्या. निर्यातीच्या प्लॉटवर असा एक वारा पूर्ण हंगाम घालवू शकतो.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणीची अट आहे. ते मॉडेल चाचणीतून गेलंय का हे बघता यावं म्हणून बिलावर मॉडेल नंबर असू द्या.

एआयसाठी वेगळा कायदा भारतात अजून नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती बंधनकारक नाहीत. याचा अर्थ मोकळीक असा मात्र घेऊ नका. हॉटेल, वायनरी किंवा दुकानाच्या वेबसाइटवर चॅटबॉट लावणाऱ्यांनी एअर कॅनडाचं उदाहरण ध्यानात ठेवावं. त्यांच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली आणि २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीला द्यायला लावली. यंत्र बोललं तरी शब्द दुकानाचाच धरला गेला.

पायरी ५: माणसांना शेवटी नाही, आधी सांगा

यंत्र येणार ही बातमी कँटीनमध्ये पोचायला एक दिवस लागतो, आणि ती पोचते तेव्हा "कोणाकोणाला काढणार" या रूपात. कायदाही हे ओळखतो. यंत्रसामग्री किंवा पद्धतीतल्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याची शक्यता असेल तर २१ दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागते. ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कपात करायचीच नसेल तर तेही लिहून द्या. आम्ही कॅमेऱ्याच्या वेळी तपासणीच्या चौघींना पहिल्याच बैठकीला बसवलं, कोणाचंही काम जाणार नाही असं पत्र दिलं. उन्हाची गोष्ट ज्या ऑपरेटरने ओळखली तोही त्या बैठकीत होता. काम जाईल या भीतीत असता तर त्याने वर बोट दाखवलं असतं का, हा प्रश्न मला आजही पडतो.

पायरी ६: पैसे टप्प्याने

पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, टप्पे लिहा. माझी वाटणी अशी: ऑर्डरबरोबर तीस टक्के, माल आल्यावर तीस, आपल्या शेडमध्ये कमिशनिंग (यंत्र बसवून चालू करणं) झाल्यावर तीस, आणि तीन महिने नीट चालल्यावर दहा. "नीट" म्हणजे काय, तेही आकड्यात: आपला पार्ट, आपला ऑपरेटर, तिन्ही शिफ्ट, चुकीचं रिजेक्शन इतक्या टक्क्यांच्या आत.

इथे एक खाचखळगा आहे. विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदलेला असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे रोखता येत नाहीत, करारात काहीही लिहिलं असलं तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. म्हणून शेवटचे दहा टक्के कशाचे, हे स्वच्छ हवं. ते तीन महिन्यांच्या कामगिरीशी जोडलेली वेगळी सेवा म्हणून लिहायचे की बँक गॅरंटीच्या रूपात घ्यायचे, हे सीए आणि वकिलाबरोबर बसून ठरवा. मालात खोट असेल तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या. फोनवर ओरडणं ही हरकत नव्हे. वेळेत लेखी हरकत असेल तर दोष दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजली जाते.

डॉलरमध्ये कार्डावरून जाणारी सबस्क्रिप्शनं सीएला दाखवा. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेवरचा कर रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. त्याचं क्रेडिट सहसा मिळतं, पण भरलाच नाही तर नोटीस येते.

पायरी ७: बिघडलं तर पहिले सहा तास

सायबर हल्ला झाला, फाइली लॉक झाल्या, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे आणि १८० दिवसांचे लॉग (सिस्टीममधल्या हालचालींच्या नोंदी) जपून ठेवायचे आहेत. पैसे गेले असतील तर सर्वांत आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते. कोणी कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून स्विचबोर्डशेजारी चिकटवा. संगणक बंद पडल्यावर संगणकातली यादी उघडत नाही.

विक्रेत्याशी वाद होणार असं दिसलं की व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका, मूळ फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यासाठी मूळ साधन हाताशी हवं.

पायरी ८: निघण्याचा सराव

दर तीन महिन्यांनी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही ईआरपीमधला संपूर्ण डेटा सीएसव्हीमध्ये उतरवतो, एक प्रत कारखान्याबाहेर ठेवतो. मग स्टोअरच्या ताई सिस्टीम न उघडता, फक्त त्या फाइलवरून एक चलन आणि एक बिल बनवून दाखवतात. मागच्या खेपेला त्यांना अकरा मिनिटं लागली. शेवटचा इन्व्हॉइस नंबर त्या आता रोज संध्याकाळी गेटच्या रजिस्टरमध्ये पेनानेही लिहितात. ती दोन कागदं माझ्या टेबलावर आली की मगच मी पुढच्या तिमाहीच्या बिलावर सही करते.